रेड्याच्या वाटेवर

या ग्रुपवरच्या गोष्टी मी नियमित वाचते, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी. घाटातल्या वळणावर लिफ्ट मागणारी बाई, "मागे वळून बघू नकोस" म्हणणारा म्हातारा, आणि शेवटी चौकशी केल्यावर कळतं की ती व्यक्ती केव्हाच वारली. नेहमी वारलेलीच असते. एकदा तरी कोणी जिवंत निघावं... असो. सांगायचं एवढंच की इथे स्वतःचा अनुभव लिहायची वेळ माझ्यावर आली, याचीच मला लाज वाटते आहे. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी घरात ऐकून आलेलं. भाषेवर कमेंट केल्या नाहीत तर बरं.

पहिला लॉकडाऊन लागायच्या जरा आधी मी मुंबईतली भाड्याची खोली सोडून चौलला काकांकडे आले. काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. घरात ते आणि आमची आत्या, दोघंच. आत्याने लग्न केलं नाही, जन्म त्याच घरात गेला. घर रस्त्याला लागून, आणि मागे नारळ-सुपारीची वाडी.

धावणं हा माझा शौक नाही, गरज आहे. ज्या दिवशी धावत नाही त्या दिवशी श्वास छातीत वरच अडकून बसतो, आणि ऑफिसच्या कॉलवर नाव घेतलं तरी माइक सुरू करवत नाही. म्हणून आल्यावर पहिले काही दिवस मी पहाटे रेवदंड्याच्या किनाऱ्यावर धावून यायचे. मग लॉकडाऊन लागला आणि एक दिवस गावच्या कोरोना समितीने मला पकडलं. तिघे जण, एकाच बाइकवर चिकटून बसलेले, मास्क हनुवटीवर. मला म्हणाले, अंतर ठेवा. फोटो काढला, गावच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं — मुंबईची पार्टी आली फिरायला. मी घरी पोचायच्या आधी फोटो पोचला होता. काका फाटकात उभे, फोन हातभर लांब धरून.

"पाय चांगले आलेत फोटोत," म्हणाले. "आता फाटकाच्या भायेर टाकू नको."

माझं बोलणं तसंही कमीच. पण धावणं सोडायचं नाही, हे ठरलं होतं. समितीच्या तिघांसाठी तर मुळीच नाही.

वाडीत धावायला जागा नसते. झाडं, त्यांच्या बुंध्याभोवतीची आळी, पाण्याचे पाट, पायात येणाऱ्या झावळ्या. मोकळी जागा एकच होती. विहिरीला लागून एक गोल चौथरा आहे, त्यावर पूर्वी रहाट होता. रेडा जुंपायचा, तो गोल फिरायचा, विहिरीवरचं चाक फिरायचं, चाकाला बांधलेले मातीचे लोटे भरून वर येऊन दगडी पन्हळीत रिकामे व्हायचे, आणि पाणी पाटातून झाडांना जायचं. रहाट माझ्या जन्माआधीच मोडला. चाक नाही, खांब नाही, फक्त चौथरा आणि रेड्याच्या खुरांनी घासून खोलगट झालेली गोल वाट. पंप आल्यावर पन्हळीत पाला साठला तो साठलाच.

मी रोज पहाटे त्या वाटेवर धावायला लागले. सरळ ढांग अशी नाहीच, सगळं वळणच. दोन दिवस गरगरलं, मग नजर पायांपुढे ठेवायला शिकले. कानात इअरफोन. काकांना हे बघवायचं नाही, कारण नेमका त्याच दिवसांत पंप जळला होता. अलिबागची दुरुस्तीची दुकानं बंद, मिस्त्री यायला तयार नाही, आणि उन्हाळा तापलेला. मोठी झाडं तगली असती. पण काकांनी वाडीच्या रिकाम्या बाजूला सुपारीची नवी रोपं लावली होती, गुडघ्याएवढी, आणि त्यांची पानं कडेने करपायला लागली होती. काका रोज संध्याकाळी तिथे जाऊन नुसते उभे राहायचे. कंबर गेलेली, बादली उचलायची डॉक्टरांनी बंदी केलेली.

"एवढा दम हाय तर पानी ओढ," ते मला म्हणाले. "धावून काय उगवतं?"

मी ओढलंसुद्धा. संध्याकाळी हाताला फोड येईपर्यंत. जेमतेम पहिल्या रांगेला पुरायचं, बाकीची तशीच. आत्याने हिशेब एका वाक्यात संपवला — मिरगापर्यंत अर्धी जातील.

एका सकाळी काका चहा पिताना म्हणाले, मागच्या रांगांना पण पाणी घातलंस, बरं केलंस. मला वाटलं टोमणा आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा जाऊन बघितलं. आळी ओली होती. वरवर शिंपडल्यासारखी नाही, भिजून काळी पडलेली. मला वाटलं काकांनीच हट्टाने पाणी ओढलं असणार, आणि आता कंबर धरून बसले तर डॉक्टर आणायचा कुठून, म्हणून मी चिडून विचारलं.

"म्हंजे तू न्हाय?"

मी नाही, आणि ते नाहीत. आत्याचे हात संधिवाताने वळलेले.

यानंतर जी स्पष्टीकरणं आली ती इथे देते, म्हणजे तुम्हाला द्यायची गरज पडणार नाही. शेजाऱ्याचा पाइप फुटला असेल — शेजाऱ्याची वाडी आमच्यापेक्षा खाली आहे, पाणी चढ चढत नाही. दव असेल — मे महिन्यात, फक्त आमच्या आळ्यांत? नवा झरा फुटला असेल, हे पुण्याहून फोनवर बाबांनी सांगितलं. मग मी पाटाच्या कडेने उलट चालत गेले. ओल थेट विहिरीच्या काठापर्यंत होती. पन्हळीतला जुना पाला धुऊन निघाला होता. विहिरीतलं पाणी मात्र खूप खाली, नेहमीच्या जागी.

पाय मुरगळून मी एक दिवस धावले नाही, त्या दिवशी आळी कोरडी राहिली. हे काकांच्याही लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळचा चहा वाडीकडे पाठ करून प्यायला लागले.

आणि आत्या... आत्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज द्यायची. मी दम खायला थांबले की इअरफोनमधूनही ऐकू यायचं — "हां मोरू, चल." मला वाटायचं शेजारच्या कोणाला तरी हाक मारते. माझे पाय मात्र त्या हाकेला सुटायचे. मोरू कोण, हे शेवटी काकांना विचारलं. मोरू म्हणजे आमचा शेवटचा रेडा. लहानपणी रहाटावर त्याच्यामागे बसायचं काम आत्याकडे होतं. पुढे तिला मागे बसायचीही गरज पडायची नाही. चाक उलटं फिरू नये म्हणून एक लाकडी पट्टी असायची, ती दात्यांवर टकटक वाजायची. घरात काम करता करता टकटक थांबली की रेडा थांबला हे कळायचं, आणि मग घरातूनच हाक द्यायची.

"म्हणजे तिला आता टकटक ऐकू येते?" मी विचारलं.

काका रस्त्याकडे बघत म्हणाले, "तिला एकटीलाच येते असं कोन म्हनलं?"

आता तुम्ही विचाराल, मी इअरफोन का काढले नाहीत. नाही काढले. ऐकू आलं असतं तर मी धावणं थांबवलं असतं, आणि ते ना मला परवडणारं होतं, ना रोपांना. नवी पानं फुटली होती. ज्या मुलीला धावून काय उगवतं म्हणून विचारलं होतं, तिचं धावणं आता काका कोणाला मोडू देत नव्हते. समितीतला एक जण चौकशीला आला तेव्हा त्याला त्यांनी फाटकावरूनच परत पाठवलं.

चूक माझ्याकडूनच झाली, आणि ती धावणाऱ्या माणसाचीच चूक होती. सारखं एकाच दिशेने वळलं की आतला घोटा दुखतो. ट्रॅकवर आम्ही मधूनमधून दिशा बदलतो. मीही एका सकाळी बदलली. दोन-तीन फेऱ्या झाल्या असतील, आत्या अनवाणी धावत आली. तिला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिने माझा दंड धरला.

"उलटा फिरवू नको," ती म्हणाली. "लोटे फुटतील."

रागाने नाही. दूध उतू जाईल म्हणावं तसं. मग माझ्याकडे नीट बघून, चेहरा ओळखीचा झाल्यावर, हात सोडला आणि पदराने तोंड पुसत घरात गेली.

पन्हळीत एक खापरी पडली होती. लाल, ओली, कड अगदी ताजी. मी ती उचलून काकांना दाखवली. माझ्या डोक्यात फोटो काढून मित्रांना पाठवायचं होतं. त्यांनी ती हातात घेतली, अंगठ्याने कड चाचपली, आणि शांतपणे विहिरीत टाकली. पाण्यात पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. पुरावा मागणाऱ्यांसाठी पुरावा तिथे आहे. उतरून घ्या.

पुढे मेच्या अखेरीस निर्बंध जरा सैल झाले, मिस्त्री आला, पंप सुरू झाला. एकही रोप गेलं नव्हतं. काकांनी बटण दाबलं, पाइपातून पाणी उसळलं, आणि मला वाटलं, चला, आता मी बीचवर जायला मोकळी. तरी दुसऱ्या पहाटे सवयीने चौथऱ्यावर गेलेच. धावले. थांबले तेव्हा खिडकीतून हाक आली नाही. इअरफोन काढले. काही नव्हतं, फक्त माझा श्वास आणि मागे पंपाचा घरघराट. आळ्यांत त्या दिवशी होतं ते पंपाचं पाणी.

स्पष्टीकरण माझ्याकडे अजूनही नाही. तुमच्याकडे असेल तर ते तुमच्याजवळच ठेवा. मी नंतर मुंबईला परतले, आता रोज रस्त्यावर धावते, भुतांवर विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. त्या रोपांना यंदा पहिल्या सुपाऱ्या धरल्यात, काकांनी फोटो पाठवला.

पण त्या शेवटच्या सकाळची गोष्ट राहिली. मी चौथऱ्यावरून खाली उतरले तेव्हा आत्या तांब्या घेऊन उभी होती. तिने माझ्या मानेवर गार पाणी ओतलं, खांद्यावरून हात फिरवला, आणि दुसरी मूठ उघडून माझ्या तोंडापुढे धरली. भिजवलेला कोंडा आणि गूळ. कामातून सुटलेल्या जनावराला देतात तो.

"झालं रे," ती म्हणाली. "सुटलास."

मी लाजाळू मुलगी आहे. कोणाच्या ताटातलं उष्टंसुद्धा खात नाही. मी मान खाली घातली आणि तिच्या तळहातावरून, हात न लावता, सगळं खाल्लं.