रांगेच्या शेवटची मोटारसायकल

त्या रविवारी दुपारी यशोदा शर्यतीत पडली. संध्याकाळी ती गेली.

बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या आमच्या गल्लीत, टेलिफोन होता तो कोपऱ्यावरच्या चिनी दुकानदाराकडे. त्याचा निरोप आला तेव्हा मी वाचत होते. पुस्तक मिटलं, आणि ते कुठे ठेवावं हेच मग कितीतरी वेळ सुचेना... यशोदा माझी चुलत बहीण. माझे वडील सरकारी नोकरीसाठी शहरात आले, थोरले काका मोंतान्य ब्लांश या गावीच उसाच्या शेतीत राहिले. त्यामुळे मी शिकले, शाळेत शिकवू लागले, आणि सुट्टीत गेले की ती मला ‘मास्तरीण’ म्हणून चिडवायची. तिचा भाऊ विलायतेला जाताना आपली जुनी मोटारसायकल मागे ठेवून गेला होता. तिच्यावरून यशोदा आधी काकूंच्या भाजीच्या टोपल्या बाजारात नेऊ लागली. गावानं नावं ठेवली, पण भाजी वेळेवर पोचत होती. मला मागे बसवलं की मी डोळे घट्ट मिटून घ्यायची. “डोळे उघड गो मास्तरीण, बघायचं तिकीट नाय लागत!” ती ओरडायची.

एकोणीसशे पन्नासनंतर साखर कारखान्यामागे, तोडणी झालेल्या शेतांना वळसा घालून जाणाऱ्या मातीच्या वाटेवर शर्यती होत. पहिल्या शर्यतीत ती एकटीच बाई. गर्दीतून कुणीतरी बेटावरच्या क्रिओल बोलीत ओरडलं, “आल लाक्विझिन!” म्हणजे, जा स्वयंपाकघरात. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा आवळता आवळता ती म्हणाली, “मॉन फिनी क्वी!” म्हणजे, रांधून आलेय. ओरडणारासुद्धा हसला. त्या दिवशी ती शेवटची आली. पुढे मात्र असं झालं की वळण आलं की बाकीचे तिचं चाक कुठून जातं ते बघत. आदल्या संध्याकाळी ती सगळी वाट अनवाणी चालून यायची. माती कुठे फसवणार ते पायाला कळतं, म्हणायची. उसाच्या सऱ्यांतून लहानपण गेलेले पाय होते ते.

काका शर्यतीला कधी गेले नाहीत. पण ती परतेपर्यंत ते ओट्यावरून उठतही नसत.

दसऱ्याला काका कोयते, कुदळी, फावडी धुऊन अंगणात रांगेनं मांडत. पूजलेलं हत्यार धरणाराच्या अंगावर येत नाही, असं आमच्या घरात मानतात. यशोदा आपली मोटारसायकल लखलखीत पुसून रांगेच्या शेवटी उभी करायची. काका एकेका हत्याराला कुंकू लावत यायचे आणि शेवटच्या कुदळीपाशी थांबायचे.

“ह्ये हत्यार न्हाय, बाय. कोयत्यावर घर जेवतं. हिच्यावर कोण जेवतं?”

“मी जेवते ना, बाबा. भूक तर हिच्यावरच लागते!”

काकूंनी एकदा हळूच कुंकवाचं बोट पुढे केलं. यशोदानं त्यांचा हात धरला. “नको आई. बाबाच लावतील.”

शर्यतीत ती पहिली आली त्या वर्षी काका ताट घेऊन मोटारसायकलीच्या समोर येऊन उभे राहिले. आम्ही कुणी हललो नाही... निरांजन वाऱ्यानं विझलं, आणि ते तसेच आत गेले. मला रडू आलं. ती हसत होती. “होईल गो. बघितलंस ना, कुदळीच्या पुढे आलेत ते.”

त्यानंतरही ती दर वर्षी गाडी रांगेत लावत राहिली, आणि काका कुदळीपाशीच थांबत राहिले.

यंदाचा दसरा ती गेल्यावर काही आठवड्यांनीच आला. माणूस गेलं की आमच्यात वर्षभर सण करत नाहीत. मी नुसतीच काकूंजवळ बसायला गेले होते. मागच्या अंगणात पाण्याचा आवाज आला म्हणून डोकावले, तर काका हत्यारं धूत होते. मोटारसायकल त्यांनी शेवटून काढून कोयता आणि कुदळीच्या मधे उभी केली होती. तिच्या चाकाची माती ते बोटानं काढत होते.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “कुंकू न्हाय लावलं तर कंटाळून शर्यती सोडून देईल, असं वाटायचं मला. पण पोर तशीच जायची... बिनपूजेच्या गाडीवर.”

इतकी पुस्तकं वाचली, त्यातलं एक वाक्य त्या अंगणात पुढे आलं नाही. त्यांनी ओले हात धोतराला पुसले आणि दाराकडे बघून विचारलं, “कुंकू कुठाय गो?”

काकू दारात उभ्या होत्या. “अवंदा न्हाय लावायचं,” त्या म्हणाल्या. “दुखवटा हाय.”

काका खाली बसले.

मोटारसायकल अजून तिथेच आहे. तिचं हँडल वाकलेलं आहे. तिच्या एका बाजूला कोयता आहे, दुसऱ्या बाजूला कुदळ. काका रोज ती पुसतात. या वर्षी आमच्या घरात कशालाच कुंकू लागलेलं नाही.