नदीकाठचा किल्ला आणि चिमूटभर मोहरी

मिशिगनची माणसं गावाचा पत्ता सांगताना तळहात पुढे करतात. त्यांच्या राज्याचा आकारच हातमोज्यासारखा आहे. माझी पुतणी केतकी जन्मापासून ट्रॉयची, म्हणजे डेट्रॉइटच्या उपनगरातली. निघायच्या सकाळी तिनेही माझ्यासमोर उजवा पंजा धरला. मी सवयीने आधी आयुष्यरेषा पाहिली. चांगली लांब होती. तिने करंगळीच्या मुळाशी बोट टेकवलं. "काका, इथे जायचंय. चार तास ड्राइव्ह आहे."

केतकी मोकळ्या जागांची आखणी करते. त्या करंगळीतल्या गावाला नदीकाठी एक बंद पडलेलं तंबूंचं मैदान आहे. तिथे प्रवासी यावेत, गावाचं पोट भरावं आणि नदीही आधीपेक्षा धडधाकट व्हावी, असं काहीतरी गावानेच मिळून रचायचं होतं. केतकीने फक्त त्यांना बोलतं करायचं. पण आधीच्या सभा भांडणात वाहून गेल्या होत्या, आणि आज आराखडा ठरला नाही तर गावाचं मंडळ ती जागा रिसॉर्टवाल्याला विकणार होतं. ऐन दिवाळीत काका-काकूंना मीटिंगला न्यावं लागतंय म्हणून पोरगी वाटभर सॉरी म्हणत होती आणि नखं खात होती.

आम्ही मात्र मजेत होतो. दुतर्फा झाडं अशी लालपिवळी पेटलेली की आमच्या सौ. सुलभाने बोलणंच सोडलं. मला ती दोन्ही सुखं एकदम लाभली. वाटेत एका बागेत सायडर (सफरचंदाचा गढूळ, ताजा रस) आणि गरम डोनट मिळाले. "अनारशाची सर नाही," असं म्हणत सुलभाने तीन संपवले.

सभा उन्हात, नदीकाठीच होती. केतकीने टेबलांवर कागद, पेनं, रंगीत चिठ्ठ्या मांडल्या होत्या. गाव हाताची घडी घालून उभं होतं. एका टोकाला डॉना, सत्तरीची, जिने गावातल्या निम्म्या लोकांना याच पाण्यात पोहायला शिकवलं. दुसऱ्या टोकाला रिक, कनू (अरुंद, वल्ह्याच्या होड्या) भाड्याने देणारा. प्रवासी आले तर काठ जाईल, असं डॉनाचं म्हणणं. नाही आले तर मी जाईन, असं रिकचं. दोन वर्षं दोघांत अबोला होता. चिठ्ठ्या कोऱ्याच राहिल्या. केतकीचा चेहरा उतरला, आणि मला तो बघवेना.

माझं काम नव्हतंच, म्हणून मी काठाशी उकिडवा बसलो. समोर ओली, काळी माती. दिवाळीचे दिवस. आणि मी साताऱ्याचा! दिवाळीत माती दिसली की आमचे हात किल्ला करणार, त्याला इलाज नाही. मी नदी कोरली, मैदान थापलं आणि डोंगराशिवाय चैन पडेना म्हणून मधोमध एक गडही रचला. त्या पंचक्रोशीत टेकाड म्हणून नाही. बघता बघता चार माणसं भोवती जमली. एकीने काटक्यांचा पूल टाकला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! किल्ल्यावर हिरवळ हवी, म्हणून मी सुलभाकडे हात केला. फोडणीच्या डब्याशिवाय ती परगावी जात नाही. मी मूठभर मोहरी झोकात पेरली.

भोवतीची माणसं चटकन मागे सरली.

"हे बी आहे?" रिकने हळूच विचारलं. सुलभाने अभिमानाने मान डोलावली.

केतकी पांढरी पडली होती. "काका, इथे बाहेरचं सीड टाकत नाहीत." बाहेरून आलेल्या एका झुडपाने हा अख्खा काठ गिळला होता. दर वसंतात गाव गुडघे टेकून ते उपटत आलंय. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पोरीची सभा मी एका मुठीत बुडवली होती.

मग डॉना वाकली आणि दाणे वेचायला लागली. पाठोपाठ सगळं गाव मातीत बसलं. डॉनाचे गुडघे कुरकुरताना पाहून रिकने होडीतली गादी आणून तिच्याखाली सरकवली. तिने आभार मानले नाहीत, पण बसली. मोहरी वेचता वेचता तिने माझ्या मातीच्या नदीत बोट ठेवलं. "पोरं इथे पोहणार. तुझ्या होड्या खाली, वळणावर."

"तिथे काठ खचलाय," रिक म्हणाला.

"मग बांधू. तुझे पाहुणे आधी अर्धा दिवस दगड लावतील, मग होडीत बसतील."

"पैसे देऊन?"

"पैसे देऊन," डॉना म्हणाली, आणि रिक मातीतच बसून हसत सुटला. मग हा म्हणे झाडं लावू, ती म्हणे तंबू मागे घेऊ. माझा गड सर्वानुमते पाडला गेला, कारण पुराचं पाणी तिथेच विसावतं. केतकी चिखलात रांगत सगळं टिपून घेत होती आणि रडत-हसत होती. संध्याकाळी मंडळाने आराखडा मंजूर केला, दोन मतं विरोधात. वेचलेली मोहरी कागदी कपात सुलभाला परत मिळाली. त्या रात्री तिने त्याच मोहरीची फोडणी देऊन गावाला पोहे खिलवले.

आम्ही साताऱ्याला परतलो. उन्हाळ्यात केतकीचा व्हिडिओ कॉल आला. वळणावर पाहुणे दगड लावत होते, वरच्या अंगाला पोरं पाण्यात धिंगाणा घालत होती. मग ती फोन घेऊन डॉनाच्या स्वयंपाकघरात गेली. खिडकीत, काचेच्या आत, कुंडीत मोहरी फुलली होती. म्हातारीने चिमूटभर लपवून ठेवली होती. त्यावर रीतसर सभा झाली आणि ठराव झाला की ही कुंडी घराबाहेर येता कामा नये. याला मात्र एकही मत विरोधात नव्हतं.

जागा कुणाची, तर तिथे गुडघे मळवणाऱ्याची, असं मी आता सगळ्यांना सांगत सुटतो. तेवढ्या हिशेबाने अमेरिकेत आमचंही काही आहे. एका खिडकीतली मोहरी, आणि तिच्यावर अख्ख्या गावाची नजर.