सुकटीचा हात

कुत्र्याला शिव्या द्यायचाही मला कंटाळा आला होता. शिव्यांनाही अंगात जोर लागतो, आणि दिवसभर चौथीच्या वर्गापुढं ओरडून घरी येईपर्यंत माझ्यात तो उरत नाही. म्हणून त्या संध्याकाळी दार उघडल्यावर दादांच्या ढोलकीचं फाडलेलं कातडं आणि त्या पसाऱ्यात बसून शेपटी हलवणारं आमचं कुत्रं दिसलं, तेव्हा मी पर्ससकट फरशीवर बसले.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांनी दौंडला रेल्वेत नोकरी केली आणि सुट्टी मिळेल तेव्हा भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवली. जयंतीच्या महिन्यात ते घरी फक्त कपडे बदलायला यायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली. जायच्या आधी दोनेक महिने भांडगावच्या हायवेवरून त्यांनी हे पिल्लू पिशवीत घालून आणलं होतं. ते गेल्यावर खुटबावच्या घरात तिघंच उरलो, आई, मी आणि कुत्रं. मी लग्न केलं नाही. तो विषय वेगळा.

दादांच्या वस्तू मी नीट जपून ठेवल्या होत्या. मफलर धुऊन डांबरगोळ्या घालून कपाटात, चष्मा त्याच्या घरात घालून कपाटात, आणि ढोलकी भिंतीवर खुंटीला. ढोलकीच्या एका तोंडाच्या कातड्यावर, मधल्या काळ्या शाईच्या कडेला, बोटांचा एक तेलकट ठसा होता. रोज शाळेत जाताना मी त्यावर दोन बोटं ठेवायची. कुणाला सांगितलं नव्हतं. दादांचा हात हातात घ्यायची माझी तेवढीच सोय होती.

आधी कुत्र्यानं मफलर खाल्ला. मग चष्म्याचं घर. कपाटातलं ह्याच्या तोंडी लागतंच कसं, असं मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "दार उघडं ऱ्हायलं असंल." मीही फार ताणलं नाही. उलट मला कुत्र्याची कीव आली. मुकं जनावर, मालकाचा वास शोधत असेल, असं मी शाळेत सगळ्यांना सांगितलं आणि सांगताना माझेच डोळे भरून आले.

पण ढोलकी मात्र मला सहन झाली नाही. "खुंटीवरची खाली कशी आली?" मी विचारलं.

"पडली असंल," आई म्हणाली आणि भाकरी थापायला वळली.

"बास झालं आता. रविवारी ह्याला वडगाव रासाईला पोचवते. मावसभाऊ उसाच्या राखणीला कुत्रं मागतोच आहे."

आई भांडेल असं वाटलं होतं. ती फक्त "बरं" म्हणाली. त्या रात्री ती अर्धीच भाकरी जेवली, दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, तिलाही ढोलकीचं दुःख झालंय.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी ढोलकी चादरीत गुंडाळून दौंडला नेली. दादांच्या ढोलक्या ज्यांनी सगळा जन्म मढवल्या, त्यांचं बोळात छोटं दुकान आहे; सगळेच त्यांना मामा म्हणतात. मामांनी ढोलकी मांडीवर आडवी घेतली, लाकडावर टिचकी मारली आणि म्हणाले, "खोड एकदम दणकट हाय. नवी पुडी चढवू. कातडं काय, बदलायचंच असतंय."

"मला नवी नकोय, मामा. हिच्यावर दादांच्या बोटांचा ठसा आहे. तेवढा तुकडा तरी जोडता येईल का बघा."

मी उरलेला तुकडा पुढं केला. मामांनी तो उजेडात धरला, अंगठा घासला, नाकाशी नेला.

"ह्यो तुमच्या दादांचा न्हाई, मॅडम."

"म्हणजे?"

"ते पावडर लावल्याबगर ढोलकीला हात लावत नव्हते. दुसऱ्या कुणी तेलकट हात लावला तर खवळायचे. आन् ही पुडी तर मीच चढवली होती. हितनं घेऊन गेले आन् पुढच्याच आठवड्यात तुम्ही त्यांला दवाखान्यात नेलं. ह्यावर त्यांनी एक कार्यक्रम क्येला न्हाई." त्यांनी पुन्हा वास घेतला. "सुकटीचा वास येतोय. घरी कोन वाजवतंय?"

"कोणी नाही," मी म्हणाले, आणि म्हणतानाच मला कळलं.

नवी पुडी चढेपर्यंत मी दुकानात बसून राहिले. दोन वर्षं मी कुणाच्या बोटांवर बोटं ठेवत होते? राग आला आणि लाजही वाटली. आई रोज दुपारी सुकट भाजते, चटणी करून भाकरीवर तेलासकट घेते. हात धुते तो नुसता पाण्यात बुडवून. थंडीत मी शाळेत गेल्यावर दादांचा मफलर तीच गुंडाळत असणार, आणि चष्म्याच्या घरात स्वतःचा चष्मा ठेवत असणार. एरवी सारखा खाटेवरून खाली पडणारा तिचा चष्मा त्याच महिन्यात पडायचा थांबला होता. कुत्र्याला दादांचं काहीएक पडलेलं नव्हतं. ज्याला आईचा सुकटीचा हात लागला, तेच ते खात होतं.

घरी आले तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती आणि कुत्र्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मी ढोलकी तिच्यासमोर ठेवली.

"आई, तू वाजवतेस?"

तिनं कुत्र्याचा कान चोळला. "तू शाळंत गेलीस की घर खायला उठतं. मग काढती. ह्यो ऐकतो गप बसून. त्या दिवशी तुझी गाडी वाजली वाटलं म्हून गडबडीत खाटंखाली सारली, आन् शेजारणीनं हाक मारली म्हून गेले. तवर ह्यानं..."

"मग मला सांगायचं नाही का? मी कुत्र्याला घालवायला निघाले होते!"

"तू समदं देव्हाऱ्यागत मांडून ठेवलंयस. हात लावला तर तुला काय वाटंल, म्हून."

मी ढोलकी तिच्याकडं सरकवली. मग विचारलं, "कुठं शिकलीस?"

"शिकायचं काय? पन्नास वर्सं ऐकतीय."

"मग दादांना कधी वाजवून का नाही दाखवलीस?"

"त्यांनी कवा इचारलंच न्हाई," आई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. मलाही कधी विचारायचं सुचलं नव्हतं, हे तिनं बोलून दाखवलं नाही.

मी मावसभावाला फोन करून सांगितलं, उद्या येत नाही, तू दुसरं कुत्रं बघ. मग आईला म्हणाले, "वाजव."

"तुझ्यासमोर न्हाई जमायचं."

"बरं, मी पाठ फिरवून बसते. पण आधी साबणानं हात धू. आणि पावडर लाव."

ती खरंच उठून साबणानं हात धुऊन आली. मी तिच्याकडं पाठ करून भांडी घासायला बसले. बराच वेळ नुसता ढोलकीच्या कड्या सरकवल्याचा आवाज आला. मग दादा कार्यक्रमाची सुरुवात ज्या गाण्यानं करायचे त्याचा ठेका सुरू झाला. दादांसारखं नव्हतं. ते घाईनं वाजवायचे, पुढच्या गावाची गाडी गाठायची असल्यासारखं. आईला कुठंच जायचं नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा मला त्या गाण्यातले शब्द एकेक करून आठवले.

राखेचे हात तसेच ठेवून मी ऐकत होते. तेवढ्यात कुत्रं उठलं आणि मघाशी आईनं उंबऱ्यातून उचलून बाजूला ठेवलेली माझी शाळेची चप्पल तोंडात धरून कोपऱ्यात घेऊन गेलं. पट्टा तुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. पण उठले असते तर आई थांबली असती. मी उठले नाही.