पंगतीतली खुर्ची
हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, पण काल शेजारच्या अंगणातून गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचा वास आला आणि अकोल्याच्या आमच्या शेतातली ती पंगत पुन्हा डोळ्यांपुढं आली. माझे नवे जावई अमरावतीहून पहिल्यांदाच रोडग्यांच्या जेवणाला आले होते. निंबाखाली पत्रावळी मांडल्या होत्या, वांग्याच्या भाजीची वाफ येत होती, तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "मामाजी, खुर्ची भेटन का?" मला तो जावयाचा तोरा वाटला. "जावईबापूले सिंहासन आणा रे कोणी," मी मोठ्यानं म्हणालो आणि सारी पंगत हसली. ते खालीच बसून जेवले. उठताना मात्र दोघांनी धरून उचलावं लागलं आणि त्यांचा चेहरा घामानं भिजला. पुढं कळलं, कुठल्याशा आजारात घेतलेल्या स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाला रक्त मिळेनासं झालं होतं आणि ते आतून मरत होतं. त्यांनी त्या दिवसाचा विषय कधीच काढला नाही. उलट, माझा गुडघा धरला आणि मी वात समजून तेल चोळत बसलो, तेव्हा माझी चाल पाहून तेच म्हणाले, "हा वात नाही मामाजी, माह्यं बी असंच सुरू झालं होतं. साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय करू." हाड मरायला नुकतीच सुरुवात झाली होती, म्हणून वेळेवर ऑपरेशन होऊन गुडघा वाचला, आज मी काठीशिवाय चालतो तो त्यांच्यामुळे. ऑपरेशननंतर अमरावतीच्या दवाखान्यात ते उशाशी बसले होते, तेव्हा "त्या दिवशी माह्यं चुकलं" हे अगदी ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "जेवले का तुमी?"