फुकटच्या औषधाचं पथ्य

फुकट मिळालेल्या वस्तूचा इतका उघड अपमान करणारा माणूस माझ्या थोरल्या साडूंशिवाय अख्ख्या सुरतेत दुसरा सापडणार नाही. हे मी अशा शहराबद्दल बोलतो आहे, जिथं गिऱ्हाईक साडी घेतल्यावर वर पिशवी मागतं, आणि पिशवी मिळाली की पिशवीत घालायला रुमाल मागतं. पर्वत पाटियाजवळच्या कपडा मार्केटात मी दिवसभर असल्या गिऱ्हाइकांशी डोकं फोडतो, म्हणून मला साडूंचं मोल जरा जास्तच कळतं. कोसाडच्या त्यांच्या वसाहतीत दारावर येणारी भाजीवाली वांग्यांवर मूठभर कोथिंबीर टाकते. साडू ती उचलून परत तिच्या हातगाडीवर ठेवतात. ती बिचारी म्हणते, "काका, मफत छे!" साडू शांतपणे म्हणतात, "म्हनीसन तर नको."

कोथिंबिरीचं एक वेळ सोडा, पण औषधाच्या बाबतीत त्यांचं हे वेड कळसाला पोचतं. कमी फी घेणारा डॉक्टर त्यांच्या लेखी शिकाऊ. एकदा आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी टेबलाच्या खणातली नमुन्याची गोळ्यांची पट्टी प्रेमानं त्यांच्या हातात ठेवली, तर यांनी ती तिथंच ठेवून खालच्या दुकानातून तीच पट्टी विकत आणली. घरी सर्दी झाली आणि अक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, आल्याचा काढा करून दिला, तर हे आधी देवापुढे एक नाणं ठेवणार आणि मगच घोट घेणार. "फुकटनं औसद पोटमा जास, पन रगतमा जात नही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मी पडलो उलट्या मताचा. दवाखाना आणि शाळा सगळ्यांना फुकटच असली पाहिजे, असं मी कुठेही उभा राहून सांगतो. त्यामुळे रविवारी आम्ही जेवायला जमलो की वरणभात निवेपर्यंत आमचा वाद चाले, आणि माझ्या बायकोनं डोळे वटारले की थांबे.

हे वेड उगाच आलेलं नव्हतं. त्यांचे वडील खानदेशातल्या त्यांच्या गावी काविळीची मुळी देत. त्या औषधाचा नेमच असा की देणाऱ्यानं पैसा घेतला तर गुण जातो. म्हातारा सकाळी उठून रानात जाई, पहिली मुळी उगाळून देई, पुढच्या दिवसांच्या मुळ्या हातात ठेवी आणि पथ्य बजावून सांगे : तेल नाही, मिरची नाही, हळद नाही. लोक समोर मान डोलवत आणि संध्याकाळी बाजारात भजी खाताना दिसत. उरलेल्या मुळ्या नाल्याकाठी पडलेल्या साडूंनी लहानपणी स्वतः पाहिल्या होत्या. वडिलांचे ओरखडलेले हात एकीकडे आणि नाल्याकाठच्या मुळ्या दुसरीकडे, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. "पैसा मोजा का मानूस पथ्य पाळस," ते म्हणत. यावर 'फुकट ते पौष्टिक' म्हणणारा मी आणखी वरण वाढून घेत असे.

पुढे साडूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि वादाची गंमत संपली. साडू लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात मुकादम. पार भिंतीजवळच्या लूमवर तुटलेली सुताची तार दारातून ओळखणारा हा माणूस आता बोटांनी चाचपून तार शोधू लागला. एकदा चालत्या धोट्याखाली हात जाता जाता वाचला. शेठ भला माणूस, त्यानंच सांगितलं, सरकारी दवाखान्यात ऑपरेशनही फुकट होतं आणि भिंगही फुकट बसतं. साडू म्हणाले, "फुकटनी काच डोयामा? नही." खाजगी दवाखान्याचा खर्च त्यांच्या आवाक्यातला नव्हता. मग ठरलं, दिवाळीनंतर बघू. बोनस झाला की बघू. दिवाळ्या येत गेल्या, बोनस घराच्या डागडुजीत आणि लग्नकार्यात जात राहिले, आणि अक्का त्यांना दिसत नाही म्हणून त्यांच्या ताटातली मिरची आधीच बाजूला काढून ठेवू लागल्या. मला खरोखर भीती वाटायला लागली होती.

एका रविवारी मी कंबर कसून करांचं भाषण दिलं. म्हटलं, "दादा, तुम्ही तंबाखूच्या पुडीवरसुद्धा सरकारला कर देता. त्याच पैशातून दवाखाना चालतो. फुकट कसला?"

"तंबाखूना पैसा तंबाखूले गया," साडू म्हणाले. "डोयाना पैसा आल्लग."

माझं भाषण पालथ्या घड्यावर पाणी. तेवढ्यात भाकरी थापणाऱ्या अक्का मान वर न करता म्हणाल्या, "मामंजीनी आख्खा गावले फुकट औसद दिधं. ते देनं कोठे गयं? तेच आते वापस येई राह्यनं. तुम्ही बापनं देनं लाथाडतस का?"

साडूंनी हातातला घास ताटात परत ठेवला. ते म्हणाले, "मंग पथ्य पाळनं पडी."

आणि ते त्यांनी पाळलं! सरकारी दवाखान्यात दोन्ही डोळ्यांच्या दोन्ही खेपांना त्यांनी पथ्य पाळलं ते काविळीचं. तेल बंद, मिरची बंद, हळद बंद. पिवळं म्हणून वरणही बंद, आणि अक्कांची पिवळी साडी ट्रंकेत. वॉर्डातल्या नर्सबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "काका, आंखनुं ऑपरेशन छे, कमळो नथी!" साडू पट्टीआडून ठामपणे म्हणाले, "औसद फुकटनं शे, बाई. पथ्य तरी मोठं पायजे." औषधाचे थेंब घालायची वेळ त्यांनी एकदाही चुकवली नाही.

पहिल्या डोळ्याची पट्टी काढली तेव्हा मी तिथंच होतो. साडूंनी आधी खिडकी पाहिली, मग मला पाहिलं आणि मग अक्कांकडे पाहत राहिले. अक्कांचे केस पांढरे झालेत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, एक त्यांनाच ठाऊक नव्हतं.

"तू इतली म्हतारी कवय व्हयनी?"

"तुम्ही दिवाळीनंतर, दिवाळीनंतर करत बठनात ना," अक्का पदर सावरत म्हणाल्या, "तवय."

आम्ही हसलो. साडू मात्र हसले नाहीत.

कोथिंबीर अजूनही हातगाडीवर परत जाते, आणि आमचा रविवारचा वादही परत सुरू झालाय. परवा त्यांना सर्दी झाली होती. अक्कांनी काढा आणून दिला. सवयीनं त्यांचा हात नाण्यासाठी खिशाकडे गेला आणि तसाच परत आला. मग अक्कांना त्यांनी समोर बसवून घेतलं, आणि त्यांच्याकडे बघत बघत तो तिखट काढा अगदी सावकाश प्यायले.