तामिळ सिनेमातला माझा अर्धा पार्ट

मी शाळा चौथीपर्यंत शिकलो. तेवढ्यावर सौदीतल्या जेद्दात अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली आणि कुणापुढे मान खाली घातली नाही. एकदा घालावी लागली, ते लिहितो.

माझा इकामा, म्हणजे इथं राहायचं कार्ड, ज्या अरबाच्या नावावर आहे तो माझा कफील. त्याच्या व्हॅन भाड्यानं जातात. माझी व्हॅन बारा दिवसांसाठी तामिळ सिनेमावाल्यांनी घेतली. सिनेमा घरगुती होता. मारामारी नाही, नाच नाही. बाप सगळी उमर जेद्दात काढतो, मुलगा त्याला गावी न्यायला येतो, बाप येत नाही. एवढंच. मला वाटलं, यात बघायचं काय? असे बाप मला रोज सिग्नलवर दिसतात.

बापाचं काम करणारा नट ऐनवेळी मद्रासलाच आजारी पडला. दिग्दर्शन करणारी तिशीतली मुलगी होती. व्हॅनमध्ये मागं बसून ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली, मग आपल्या मॅनेजरला काहीतरी बोलली. तो हसला आणि मला समजावं म्हणून हिंदीत म्हणाला, "चाचा से नहीं होगा, मॅडम. चाचा को तो हँसना भी नहीं आता."

"तेरे हीरो से अच्छा करके दिखाता हूँ," मी म्हटलं. खोड माझी. कुणी नाही म्हटलं की मी हो म्हणतो.

रूमवर येईस्तोवर हिशेब ध्यानात आला. माझ्या इकाम्यावर धंदा लिहिलाय ड्रायव्हर. दुसऱ्याचं दुसरं काम करताना सापडलो तर सरळ विमानात बसवतात. माझं काय, दापोलीकडं घर आहे, जाऊन पडलो असतो. पण बायको. तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात, एक दिवसाआड हॉस्पिटलात मशीनवर असते. तिचा इकामा माझ्या इकाम्याला लटकलेला. माझा गेला की तिचा गेला, तिचा गेला की मशीन गेलं. हे सगळं ठाऊक असून मी तिला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर आला. "चाचा, इकामा का कॉपी देना. परमिट में नाम डालना है. कफील का हाँ भी चाहिए."

आता हे आम्हा जुन्या लोकांना विचारा. इकाम्याची कॉपी आम्ही सख्ख्या भावाला देत नाही. आमच्या गावच्या एकानं दिली होती रूममधल्या माणसाला. त्या कॉपीवर मोबाईलची सहा कार्डं निघाली, एकावरून कुणीतरी लबाडी केली, आणि आत बसला आमचा माणूस. तेव्हापासून माझं कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात, वर सेफ्टी पिन. मी मॅनेजरला ठोकून दिलं, "सब हो गया, ऑफिस ने भेज दिया. तुम अपना काम करो." त्याच्यामागं पन्नास भानगडी. त्यानं मान हलवली आणि गेला.

शूटिंग एका जुन्या इमारतीत होतं. मला लुंगी नेसवली. दाढी आधीच पांढरी, तरी वरून पावडर मारली. तामिळ मला येत नाही. मुलगी म्हणाली, "अय्या, कुछ भी बोलो, मुँह हिलना चाहिए." आवाज नंतर दुसऱ्याचा भरतात म्हणे. मग मी मुलाचं काम करणाऱ्या पोराकडे बघून आमच्याकडच्या एसटीचे थांबे म्हणायला लागलो. भरणा नाका, खेड, फुरूस, वाकवली, दापोली. दापोली आली तरी थांबलो नाही, परत भरणा नाक्यापासून सुरू केलं. कट म्हटल्यावर पोरगं पाया पडायला आलं. मॅनेजरनं स्वतः खुर्ची आणून दिली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

राहिला होता दारातला शॉट. बाप मुलाला जिन्यापर्यंत सोडतो आणि पाठ फिरवून आत जातो. दिवे लावत होते, तेवढ्यात जिन्यावरून दोन माणसं आली. तपासणीवाले. एकाच्या हातात परमिटची यादी. नावं वाचत, कार्डं बघत तो माझ्यापाशी आला.

"तुझं काम काय?"

"सव्वाक," मी म्हटलं. ड्रायव्हर.

त्यानं माझी लुंगी बघितली, पावडर बघितली. "गाडी या खोलीत आहे?"

यादीत माझं नाव नव्हतं. असणार कुठून? पिन काढताना बोटाला टोचली. कार्ड घेऊन तो खाली आपल्या गाडीत गेला. मी खुर्चीवर बसून राहिलो. त्याच वेळी बायको मशीनवर होती. चार वाजता ती हॉस्पिटलच्या खालच्या दारात येऊन उभी राहणार, आणि मी कुठं असेन? तिला इथला रस्ता माहीत नाही, अरबी येत नाही. मी नमाजेतल्या सगळ्या दुआ म्हटल्या, निम्म्या चुकल्या.

तासाभरानं तो फोन स्पीकरवर धरून वर आला. पलीकडे माझा कफील.

"गाडी मी दिलीय, माणूस गाडीबरोबर दिलाय," कफील त्याला सांगत होता. "म्हातारा आहे. कंटाळला असेल, बसला असेल खुर्चीत." मग मला म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर एका मिनिटात हो म्हटलं असतं. मी काय वाघ आहे? जा, गाडीत बस. यल्ला, चल."

सगळे बघत होते. मी मान खाली घातली.

तपासणीवाल्यानं कार्ड परत दिलं. "फक्त गाडी चालव. या खेपेला सोडतो."

मुलगी व्हॅनच्या काचेशी आली, मागं मॅनेजर. तो म्हणाला, "चाचा, अब कॉपी दो. कफील भी मान जाएगा. कल नाम आ जाएगा. एक ही शॉट बचा है." या वेळी तो हसत नव्हता. माझा हात खिशाशी गेला आणि तिथंच राहिला. पुन्हा त्या खोलीत जायची माझ्यात ताकद नव्हती.

"नहीं होगा," मी म्हटलं. त्यानं पहिल्या दिवशी म्हटलं होतं तेच.

सिनेमा काही महिन्यांनी मोबाईलवर आला. बायको मशीनवर होती, एका हाताला नळ्या. त्या दिवशी मी वर जाऊन तिला तो लावून दिला, आणि ती दुसऱ्या हातात मोबाईल धरून बघत होती.

"ही लुंगी कोणाची ओ? लाज नाय वाटली?" ती हसली. एसटीच्या थांब्यांच्या जागी कुणीतरी भारदस्त आवाजात तामिळ बोलत होता. तिनं डोळे पुसले. मग दारातला शॉट आला. मुलगा जिना उतरला, बाप पाठ फिरवून आत गेला.

"ही पाठ तुमची नाय," ती म्हणाली.

मग मला सगळं सांगावं लागलं. तिनं मोबाईल पालथा ठेवला.

"तुम्हाला नेलं असतं तर मला कोण सांगणार होता? मी खाली दारात उभीच राहिली असते."

"मला भीती वाटली होती," मी म्हटलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, हे तिला पहिल्यांदा म्हटलं.

"आणि कॉपी नाय दिलीत म्हणे! माझ्या इकाम्याची कॉपी खाली काऊंटरवर हाय, नर्सकडं हाय, औषधवाल्याकडं हाय. मी दहा जागी दिलीय. काय झालं मला?"

तेव्हापासून ती मशीनवर असली की मी खाली गाडीत थांबत नाही. वर येऊन तिच्या खुर्चीशेजारी बसतो, मशीन थांबेपर्यंत.