मापाऱ्याने मला उचललं

लढाईच्या दिवसांत मी कर्जतला शाळामास्तर होतो आणि चांगलाच लठ्ठ होतो. वैद्यांनी दम भरल्यावर रोज पळसदरीपर्यंत चालू लागलो. दर रविवारी भाताच्या गिरणीतल्या मोठ्या काट्यावर उभा राहायचो. तिथला मापारी एक डोळा मिटून वजन सांगायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

सुरुवातीला सात शेर उतरले, मग सहा रविवार काटा हलेना. मी रडकुंडीला आलो.

“मास्तर, चालून आल्यावर खाता काय?” त्याने विचारलं.

“थोडा भात.”

“थोडा म्हंजी किती?”

मी दोन्ही हातांनी ढीग दाखवला. तो हसत हसत पोत्यावरच बसला.

“आमी दिवसभर पोती उचलून येवढा खात नाय! मुठी‌एवढा घ्या. आन् सपाटीला पाय सरावले तुमचे, आता टेकडी चढा.”

मी त्याचं ऐकलं. टेकडीवर धापा टाकल्या, ताटावरून अर्धपोटी उठलो. तिसऱ्या रविवारी काटा हलला.

“उतरलं रं, मास्तरांचं वजन उतरलं!” असं ओरडत त्याने मला पोत्यासारखं पाठीवर घेतलं आणि गिरणीभर फिरवलं. मी पोरासारखा खिदळत होतो.

“कसं काय वाटतं?” मी वरून विचारलं.

“कापूस हाय, कापूस!” तो म्हणाला. त्याचे पाय लटपटत होते, तरी मी त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवला.